सुती कशाला म्हणतात ते मला विचारा

अस्तरासाठी अडीच मीटर सुती कापड आणा, एवढंच बायकोनं सांगितलं होतं. ते नुसतं न आणता पारखून आणायचं, हे मी ठरवलं. (आमच्या घरातली बहुतेक संकटं 'मी ठरवलं' इथूनच सुरू होतात.)

गोष्टही तशीच महत्त्वाची होती. तीन आठवड्यांनी लेकीला बाळ होणार होतं आणि बायको त्या बाळासाठी गोधडी शिवत होती. "तुझं बाळ दवाखान्यातून घरी येईल ते याच गोधडीत गुंडाळून," असा शब्द तिनं लेकीला दिला होता. आता आजी गोधडी शिवणार आणि आजोबा नुसते पिशवी धरून उभे राहणार, हे मला पटेना. तसा मी तपासणीच्या कामातलाच माणूस. गेली बावीस वर्षं ऑफिसात कागदांवर 'तपासले' असा शिक्का मारतो. (तपासत काही नाही. शिक्का नीट उमटला की झालं.)

"हे कापड चांगलं आहे का?" मी दुकानदाराला विचारलं.

"मी चांगलंच म्हणणार, साहेब. माझंच दुकान आहे. तुम्ही उजेडाला धरून बघा ना."

मी धरलं. पलीकडून दुकानदार स्पष्ट दिसला.

"मी दिसतोय ना? मग वीण विरळ आहे. हे नको," तो म्हणाला आणि मला शिकवायलाच बसला. मुठीत चुरगाळलं की सुती कापडाला सुरकुत्या पडणारच; नाही पडल्या तर शंका घ्यायची. धागा जाळला तर कागदासारखी राख व्हायला हवी. कडक गोळी झाली तर ते सुती नव्हे. आणि मुख्य म्हणजे, शिवण्याआधी कापड धुवायचं. आटायचं ते आटतं, रंग जायचा तो जातो.

मी अकरा तागे चुरगाळले. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी "जरा माझंही बघता का?" म्हणून आपलं कापड पुढे केलं. मी ते उजेडाला धरलं, भुवया चढवल्या आणि "घ्या" म्हणालो. त्यांनी घेतलं! आयुष्यात पहिल्यांदाच माझा सल्ला कुणीतरी मानला होता. तिथेच माझं डोकं फिरलं.

घरी आलो तर बायको लेकीला घेऊन डॉक्टरांकडे गेलेली. पलंगावर गोधडीचे बेचाळीस चौकोन ओळीनं मांडून ठेवले होते. आईची मऊ चादर, स्वयंपाकघराचे जुने पडदे, लेकीचा पहिलीतला पिवळा फ्रॉक, कुणाकुणाचे शर्ट. घरातलं जुनं कापड महिनाभर निवडून तिनं हे चौकोन कापले होते. मी एकेक चौकोन खिडकीशी धरून बघितला. आणि मग मनात आलं, हिनं हे धुतलं असेल का? पुढे आटलं म्हणजे? रंग बाळाच्या अंगाला लागला म्हणजे?

बेचाळीसच्या बेचाळीस चौकोन मी वॉशिंग मशीनमध्ये टाकले. पाणी गरम ठेवलं. (तपासणी करायची तर कडक करावी.)

तासाभरानं झाकण उघडलं तर आत चौकोन नव्हतेच. एक गोळा होता. चारी कडांचे धागे सुटून सगळे एकमेकांत असे अडकले होते की आईची चादर कुठे संपते आणि पडदे कुठे सुरू होतात तेच कळेना. मी ओढायला गेलो, तर पिवळ्या फ्रॉकचे धागे हातात आले.

बायको आली. गोळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"अहो, हे काय?"

"धुवून बघत होतो. आटतं का ते."

"मी धुऊनच कापलं होतं."

"मग चांगलंच झालं की. दोनदा धुतलं."

ती ओरडली असती तर मी निर्धास्त झालो असतो. तिनं तो पिवळा तुकडा सोडवून मांडीवर घेतला आणि बोटानं सरळ करत राहिली. तो फ्रॉक आता परत कुठून आणायचा? मला अगदी रडू यायला लागलं.

"चुकलो गं," मी म्हणालो.

"ते रोजचंच आहे," ती म्हणाली आणि कात्री उचलली. "इस्त्री लावा."

मी इस्त्री करायची, तिनं लोंबणारे धागे छाटून नव्यानं कापायचं, असं सुरू झालं. सहा इंचांचे चौकोन साडेचार इंचांवर आले. "गोधडी लहान होईल," मी घाबरत म्हणालो. "बाळ काय तुमच्याएवढं जन्मणार आहे?" ती म्हणाली, आणि हसली. माझा जीव भांड्यात पडला.

जीव भांड्यात पडला की माझं तोंड सुटतं. एक निळा चौकोन हातात आला. धागा सुटलेला नाही, सुरकुती नाही, रंग जसाच्या तसा.

"बघ! याला म्हणतात क्वालिटी. सगळं कापड असं निवडलं असतंस तर?"

"एक धागा जाळून बघा," ती शांतपणे म्हणाली.

मी ताटलीत धागा ठेवून काडी लावली. राख होईना. धागा आकसला, प्लास्टिकसारखा वास आला आणि ताटलीत एक काळी कडक गोळी उरली.

"अगं, हे खोटं आहे! कुणी गळ्यात मारलं तुझ्या?"

"तुम्ही. आपण पहिल्यांदा भेटलो त्या दिवशीचा तुमचा शर्ट आहे तो. शंभर टक्के सुती, म्हणून तीनदा सांगितलं होतंत."

"मग तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. बाही हाताला लागली तेव्हाच."

"तरी लग्नाला हो म्हणालीस?"

"कापड खोटं होतं," ती चौकोनाची घडी करत म्हणाली. "पण तुम्हाला ते माहीत नव्हतं, हेही लगेच कळलं."

एवढी वर्षं तिनं तो शर्ट जपून ठेवला होता. मी उगाच इस्त्री फिरवत राहिलो. "पायाकडच्या कोपऱ्यात लावू," ती म्हणाली. "आजोबा पाहिजेतच गोधडीत."

गोधडी वेळेत झाली. नात दवाखान्यातून त्याच गोधडीत लेकीच्या घरी गेली. आठवड्यानं लेकीचा फोन आला. बायकोनं मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला.

"आई, फार मऊ झालीय गं! पण एका कोपऱ्यात निळा तुकडा आहे ना, तो टोचतो. आमच्या छोट्या बाई बरोब्बर तिथेच गाल नेतात आणि भोकाड पसरतात. कसलं कापड आहे ते?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा उतरलेला तिला बघवेना.

"अगं, दुकानदारानं फसवलं," ती म्हणाली.

"तुला? शक्यच नाही," लेक म्हणाली. "तू बाबांना पाठवलं असशील."