दुंबा कुठे ठेवला?

कोकंदच्या बाजारातून तोलिबजोन-अका घरी आले, त्यांनी गाडी लावली, हातपाय धुतले, अंगणातल्या बाजेवर बसून हिरवा चहा घेतला, आणि दुसरा पेला ओतताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण बायकोला बाजारातच विसरून आलो आहोत.

हादिचा-ओपा पाऊण तासाने बसने आल्या. काखेत खरबूज होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "गाजरं मात्र आठवणीने आणलीत."

दुसऱ्या दिवशी त्या मोहल्ल्याच्या दवाखान्यात गेल्या. तिथली डॉक्टर दिलराबो तरुण आणि सावध होती. ती म्हणाली, "पोटावरची चरबी आणि म्हातारपणीचा विसराळूपणा यांचा संबंध दिसतो, असं संशोधक सांगतात. पण प्रत्येक जाड माणसाला तो होतोच असं नाही, आणि..."

हादिचा-ओपा "आणि"च्या आत घराकडे निघाल्या होत्या.

चाळीस वर्षं त्यांनी लग्नाचे झगे शिवले होते. घरी येताच त्यांनी टेप काढून नवऱ्याच्या पोटाभोवती गुंडाळली. एकशे अठरा.

"बघा," त्या म्हणाल्या. "तुमची सगळी अक्कल इथे उतरलीय."

"अगं, मी भूगोलाचा मास्तर आहे. अजून सगळ्या नद्या पाठ आहेत मला."

"नद्या नकोत. नातवंडांची नावं सांगा. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत."

तोलिबजोन-अकांनी सांगितली. एक नाव जास्त झालं. ते शेजाऱ्याच्या मुलीचं निघालं.

त्या दिवसापासून रोज सकाळी आधी टेप, मग नातवंडं, मग बाराचा पाढा आणि मग उकडलेलं सलगम असा क्रम ठरला. मेंढ्याच्या शेपटीची चरबी, म्हणजे दुंबा, घराचा उंबरा ओलांडणार नाही, असाही हुकूम निघाला.

यात अडचण एकच होती. मोहल्ल्यातल्या लग्नांचा पुलाव तीस वर्षं तोलिबजोन-अकाच रांधत होते, आणि रविवारी पहाटे ओरिफ-हाजींच्या नातीच्या लग्नाचा पुलाव होता. पाहुणे दोनशे. दुंब्याशिवाय लग्नाचा पुलाव करणं म्हणजे नवरीशिवाय लग्न लावणं. गुरुवारी त्यांनी स्वतः मेंढा निवडला आणि चार किलो दुंबा घेतला. हाजींच्या घरचे दोन्ही फ्रिज केकने भरले होते. तेव्हा त्यांनी तो मीठ चोळून पांढऱ्या फडक्यात बांधला, बायको शेजारी गेलेली पाहून घरात आणला आणि तळघरात बिहीच्या फळांच्या रिकाम्या खोक्यात दडवला.

शुक्रवारी सकाळी खोकं रिकामं होतं.

ते पायरीवर बसले. इथेच ठेवला होता ना? की इथे ठेवावा असं नुसतं मनात आलं होतं? जितका विचार करावा, तितकं ते खोकं अनोळखी वाटू लागलं. बायकोला विचारायची सोय नव्हती. एक, दुंबा आणल्याचं कबूल करावं लागलं असतं. दोन, तो कुठे ठेवला हे आठवत नाही, हेही. म्हणजे टेप बरोबर ठरली असती.

मग शोध सुरू झाला. तासाभराने हादिचा-ओपांनी त्यांना गाद्यांच्या पेटीत कमरेपर्यंत वाकलेलं पाहिलं.

"काय शोधताय?"

"काही नाही. पेटी बघतोय."

"पेटी?"

"चांगली आहे पेटी. मजबूत आहे."

एरवी यावर बाराचा पाढा झाला असता. पण हादिचा-ओपा घाईघाईने निघून गेल्या. दुपारी त्या सरपणाच्या ढिगात काठी खुपसताना दिसल्या.

"काय शोधतेस गं?"

"अंडी. कोंबडीची."

"आपल्याकडे कोंबड्या कुठायत?"

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूने काठी खुपसू लागल्या.

तोलिबजोन-अकांना वाटलं, बिचारी माझ्या काळजीने भ्रमिष्ट झाली.

शनिवारी सकाळी ओरिफ-हाजी येऊन उभे राहिले. "तोलिबजोन, दुंबा बघू तरी जरा."

"मुरतोय," तोलिबजोन-अका म्हणाले.

"मुरतोय? दुंबा?"

"यंदा तशी पद्धत काढलीय. मध्ये उघडायचा नसतो."

हाजी भारावून गेले. दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात झालं, की तोलिबजोन दुंबा मुरवतोय. दोन म्हाताऱ्या आचाऱ्यांनी निरोप पाठवला, की पहाटे कढईजवळ उभं राहून बघायची परवानगी द्या.

तळघर चौथ्यांदा पाहून झाल्यावर तोलिबजोन-अका बाजेवर येऊन बसले. याच बाजेवर त्यांचे वडील शेवटची तीन वर्षं बसून असत. मुलगा चहा घेऊन आला, की अदबीने विचारत, "बेटा, तुम्ही कोणाचे?" वडील आयुष्यभर काडीसारखे होते. दुंब्याचा तुकडा ते ताटाच्या कडेला सारून ठेवत. टेपवाल्यांनी त्यांचं काय केलं असतं, कोण जाणे. तोलिबजोन-अकांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. तीही लग्नाची नव्हे.

त्यांनी बायकोला हाक मारली.

"हादिचा, मी घरात दुंबा आणला होता. चार किलो. तळघरात ठेवला असं वाटतंय, पण तिथे नाही. दोन दिवस शोधतोय. मला आठवतच नाहीये गं. तुझं बरोबर होतं. घे, मोज पोट."

हादिचा-ओपा समोर बसल्या. त्यांनी टेप काढली नाही. बराच वेळ रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तळघरातच होता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गुरुवारीच सापडला मला. मी तिथून हलवला. म्हटलं, तुम्हाला चांगला धडा मिळेल."

तोलिबजोन-अका ताडकन उठले. "मग दे की! हाजी दारात येऊन गेला माझ्या!"

"देते हो. पण कुठे ठेवला, ते आठवत नाही."

हादिचा-ओपांचं वजन, झगा आणि रुमालासकट, त्रेचाळीस किलो होतं.

"अंडी शोधत होतीस," तोलिबजोन-अका हळूच म्हणाले.

"मग काय करणार! शुक्रवारपासून मनातल्या मनात नातवंडं मोजतेय. माझंही एक जास्त येतंय."

ते तिच्याशेजारी बसले. हसावं की घाबरावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी दोन पेले चहा ओतला आणि चहा संपल्यावर दोघं मिळून उघडपणे शोधायला लागले. वीस मिनिटांत सापडला. शिवणयंत्र दुरुस्तीला गेलं होतं, त्याच्या लाकडी झाकणाखाली दुंबा पांढऱ्या फडक्यात शांतपणे बसला होता. मिठामुळे अगदी ठणठणीत होता.

रविवारी पहाटे दोन म्हातारे आचारी कढईजवळ उभे राहिले. पहिला घास घेऊन एकजण डोळे मिटून म्हणाला, "मुरल्याचं लगेच कळतं."

सोमवारी दोघं दवाखान्यात गेले. या वेळी कोणीही "आणि"च्या आत उठलं नाही. दिलराबोने दोघांना घड्याळाची चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला लावले, वजनं केली, रक्त तपासलं.

"स्मरणशक्ती दोघांचीही वयाच्या मानाने छान आहे," ती शेवटी म्हणाली. "एकमेकांपासून वस्तू लपवणं तेवढं बंद करा. अका, तुमचं पोट मात्र कमी व्हायलाच हवं. रोज चाला, आणि चरबी बंद. आणि ओपा, तुमचं वजन फार कमी आहे. या वयात तेही बरं नाही. तुम्ही जरा भरपूर खायचं. पुलाव चालेल. दुंब्यासकट."

तेव्हापासून तोलिबजोन-अका रोज दुपारी छोट्या कढईत एका माणसापुरता पुलाव रांधतात, तो बायकोपुढे ठेवतात आणि समोर आपलं उकडलेलं सलगम घेऊन बसतात. चाखायची परवानगी नसल्यामुळे त्यांना विचारावं लागतं.

"मीठ बरोबर झालंय?"

हादिचा-ओपा दुंब्याचा तुकडा सावकाश चावतात, गिळतात आणि विचारात पडतात.

"आठवत नाही हो," त्या म्हणतात. "थांबा, आणखी एक घास खाऊन सांगते."