काउंटरवर पदक मिळणार नाही

आमच्या सामंतबाईंनी मला आतापर्यंत चार वेळा सुवर्णपदक मिळवून दिलं आहे. मी बी.ए.ला काठावर पास झालोय, हे डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे. पण पदवीदानाची रंगीत तालीम आली की बाईंची हाक येतेच, "देसाई, चला, तुम्ही कॉमर्समध्ये पहिले!"

बाई परीक्षा विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. तालमीतलं पदक म्हणजे फायलीच्या लाल नाडीला बांधलेलं लोणच्याच्या बरणीचं झाकण. मी वाकायचं, प्राचार्यांनी ते गळ्यात घालायचं आणि गणपत शिपायाने टाळ्या वाजवायच्या. एकदा प्राचार्यांनी गडबडीत झाकण माझ्या कानाला अडकवलं.

"परत!" बाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

घाई सगळ्यांनाच होती, पण बाईंना सांगणार कोण?

समारंभाला न आलेल्यांनी ऑफिसात सही करून पदक न्यायचं, असा साधा नियम आहे. बाईंना तो मुळीच मान्य नाही. "काउंटरवर बोनाफाईड मिळतं, पदक नाही," म्हणत त्या स्वतः मुलांच्या घरी जातात. यंदा बाई रिटायर होणार होत्या आणि कपाटात एकच पदक उरलं होतं, वैशाली भोईरचं. टिटवाळ्याच्या एका मेडिकल दुकानात नोकरी करणाऱ्या या मुलीला समारंभाच्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती. आपण गेल्यावर ते पदक खिडकीतून सरकवलं जाईल, या विचाराने बाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

शेवटी त्यांनी मला पकडलं. "देसाई, चला. आज तुम्ही प्राचार्य."

भर दुपारी, मेडिकलच्या दारात मी काळा झगा चढवला. मालक वैतागले, "मॅडम, गिऱ्हाईक थांबलंय."

खोकल्याचं औषध न्यायला आलेले एक आजोबा म्हणाले, "मना नाय घाई. होऊ दे पोरीचं."

बाईंनी वैशालीला काउंटरच्या बाहेर बोलावलं आणि खणखणीत आवाजात तिचं पूर्ण नाव, विषय, क्रमांक वाचला. मी पदक तिच्या गळ्यात घातलं. आजोबांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. वैशाली ढसाढसा रडली. मालकांनी फोटो काढले.

परत येताना रिक्षात मी सहज विचारलं, "बाई, तुम्हाला कधी पदक मिळालं होतं?"

"मिळालं ना. नोकरी नवी होती, समारंभाला जाता आलं नाही. नंतर गेले, तर खिडकीतल्या माणसाने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आई त्याच वर्षी गेलेली. घरी दाखवायला कुणी नव्हतं. कपाटात ठेवून दिलं."

मी म्हटलं, "शुक्रवारी तुमच्या निरोप समारंभाला ते घेऊन या. रीतसर नाव पुकारून देऊ."

"काहीतरीच काय! या वयात?"

रिक्षा स्टेशनाशी थांबली तेव्हा हळूच म्हणाल्या, "देसाई, साडी कुठली नेसू हो?"