दत्तूमामाची मांडी

वरवंडला हायवेच्या कडेला आमच्या शेजारच्या दत्तूचं पंक्चरचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की हा आधी दोन्ही बाह्या वर करतो. कोपरापासून पंजापर्यंत लाल चट्टे, त्यावर पांढरा कोंडा.

"बघून घ्या. सोरायसिस हाय. लागत न्हाई. आता सांगा, पुढचं चाक का मागचं?"

काही माणसं पंक्चर गाडी तशीच ढकलत पुढच्या दुकानाला जातात.

"मेल्या, कुणी विचारलं होतं का?" मी म्हणते.

"मावशी, मागनं कळलं की जास्त लांब पळत्यात."

दौंडच्या डॉक्टरनं त्याला रोग समजावला, तेव्हापासून तो गावाला समजावतोय. "अंगात राखणदार असत्यात. जंतू आला की शिट्टी मारायची, ही त्यांची नोकरी. माझे खुळे, कुणी आलं नसतानाच शिट्ट्या मारत्यात. मग मागनं फौज येती. हत्यारंबी माझ्याच कातडीच्या मापाची बनवत्यात, आन् मलाच झोडपत्यात."

पंगतीत तो मुद्दाम माणसाला खेटून बसतो. एकदा सरपंच उठायला लागले, तर म्हणाला, "बसा आप्पा. माझे राखणदार माझ्यातच गुंतल्यात. तुमच्याकडं बघायला त्यांना सवड न्हाई."

ह्याला लाजच नाही, असं गावाला वाटतं. मलाही वाटायचं.

गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीच्या, शालनच्या, पोराचं जावळ होतं, मांडवगण फराट्याला; मीही गेले होते. पहिले केस मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचे. शालनची सासू म्हणाली, "चुलतमामा बसला तरी चालंल की."

"सख्खा जिता हाय, आत्याबाई," शालन म्हणाली.

आणि आमचा सख्खा? भर उन्हात मनगटापर्यंत बटणं लावून आला. मांडीवर नवी चादर, चार घड्या घालून. पोराला बसवलं तर हा दोन्ही हात वर धरून बसला, पोलिसांनी पकडल्यासारखा.

"मामा, पोर हालतंय. धरा की," न्हावी म्हणाला.

"तूच धर."

वस्तरा थांबला. मी म्हणाले, "गावाला सांगतोस लागत न्हाई. तुला कोण सांगणार?"

तो माझ्याकडे बघेना. "ठाव हाय मावशी. पण हे लय लहान हाय."

शालननं चादर ओढून काढली आणि त्याचे हात पोराच्या पोटावर ठेवले. सासूनं तोंड फिरवलं. वस्तरा चालू झाला.

पंगती उठल्या, न्हावी नारळ घेऊन गेला. पोर मांडीवरच झोपलं होतं.

"दे इकडं, दादा," शालन म्हणाली.

"ऱ्हाऊ दे जरा."

पायाला मुंग्या आल्या होत्या, त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण पाय काही हलवला नाही.