सूट मिळालेलं मैदान

बोगोतामध्ये माणसाची पहिली ओळख म्हणजे त्याच्या गाडीच्या पाटीवरचा शेवटचा आकडा. नाव, धंदा, आईवडील हे सगळं नंतर. त्या आकड्यावरून ठरतं, की आज तुम्ही गाडी रस्त्यावर आणायची की घरी झाकून ठेवायची. आज निम्म्या गाड्या, उद्या उरलेल्या निम्म्या. रस्ते मोकळे राहावेत आणि हवा बरी राहावी म्हणून हा नियम आहे. तो इतका सोपा आहे की चौथीच्या मुलांना मी तो एका तासात शिकवते. मोठी माणसं मात्र त्यातून सुटायचं कसं, याचा अभ्यास आयुष्यभर करत राहतात.

हायब्रिड गाडीला हा नियम लागू नाही. तिच्यात पेट्रोलचं इंजिन असतं आणि शिवाय एक बॅटरी असते. बॅटरी असली की गाडी पर्यावरणाच्या बाजूची झाली. आणि जी गाडी पर्यावरणाच्या बाजूची, ती रोज रस्त्यावर आली तर पर्यावरणाला आनंदच होणार.

माझ्या वर्गातल्या लुसेरोच्या वडिलांनी अशी गाडी घेतली, तेव्हा ते मुद्दाम शाळेच्या फाटकापाशी थांबून ती मला दाखवत होते. डोन एव्हारिस्तो म्हणजे विमा विकणारे, मनाने चांगले गृहस्थ. इथे शिक्षकांना सगळे प्रोफेच म्हणतात.

"प्रोफे, हे मी लुसेरोच्या पिढीसाठी केलं," ते म्हणाले. "या पोरांना श्वास घ्यायला हवा नको का उरायला?"

"फार छान केलंत. आणि जुनी गाडी विकली?"

"छे, ती बायकोला दिली. तिचा आकडा सम आहे. आता एखादी विषम बघतोय, म्हणजे तिचीही अडचण नको."

त्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, की ज्यांच्या घरी हायब्रिड आहे त्यांनी ती का घेतली ते घरी विचारून या. मुलांना प्रश्न दिला की ती उत्तर आणतात, आणि उत्तरासोबत घरातलं आणखीही थोडंफार घेऊन येतात.

"बाबा म्हणाले, प्रोफेला सांग पृथ्वीसाठी," एकाने सांगितलं. "मग काकाला फोनवर म्हणाले, आता रोज काढता येते, तू पण घे."

"आई म्हणाली, मावशीने घेतली म्हणून."

"आमचे आजोबा म्हणाले, तिचा आवाज येत नाही. पण आजोबांना कसलाच आवाज येत नाही."

"आमच्याकडे गाडीच नाही," येसिद म्हणाला.

"का नाही?" लुसेरोने विचारलं.

"आमचं घर शाळेच्या समोर आहे. गाडीतून कुठं येऊ?"

हा येसिद आणि लुसेरो म्हणजे आमच्या मैदानाचे मालक. मधली सुट्टी झाली की दोघं बाटल्यांची बुचं रचायची आणि सगळ्या वर्गाला घेऊन येर्मिस खेळायची. चेंडूने बुचं पाडायची, आणि पुन्हा रचेपर्यंत अंगावर चेंडू लागू द्यायचा नाही. या खेळाला पळायला जागा लागते, आणि समोर दुसरा संघ लागतो. आमच्याकडे दोन्ही होतं. मैदान फार मोठं नव्हतं, पण मुलांना ते पुरत होतं.

शाळेजवळ राहणारे पालक पूर्वी बंदीच्या दिवशी मुलांचा हात धरून चालत यायचे. आता एकाचं बघून दुसऱ्याने हायब्रिड घेतली आणि त्यांच्यात कुणालाच बंदी उरली नाही, तेव्हा सगळे रोज गाडीने येऊ लागले. सकाळी गल्लीच्या टोकापासून फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागे. त्या आवाज न करता उभ्या असत, त्यामुळे कोंडी झाली आहे हे डोळे मिटले तर कळत नसे. मागे एखादी जुनी बस अडकली, की ती मात्र भकाभका धूर सोडत उभी राही.

पालकसभा बोलावली गेली. आमच्या मुख्याध्यापिका डोन्या ग्रासिएला यांनी परिस्थिती समजावून सांगितली.

"ही कोंडी साधी नाही. ही स्वच्छ वाहनांची कोंडी आहे. या पालकांनी पृथ्वीसाठी पदरमोड केलीय. त्यांना रस्त्यात ताटकळत ठेवणं शाळेला शोभत नाही. आणि त्यांच्या मागे बस उभी राहून जो धूर सोडते, त्याची जबाबदारी कुणाची?"

"बसची," डोन एव्हारिस्तो म्हणाले.

सगळ्यांना ते पटलं. मैदानाच्या कडेची एक पट्टी गाड्यांना आत घेण्यासाठी देण्यात आली. तिला 'पर्यावरणस्नेही आगमन मार्गिका' असं नाव मिळालं. मुलांनी बुचं चार पावलं इकडे सरकवून रचली.

आत आलेल्या गाडीला बाहेर जायचं तर वळायला हवं, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. म्हणून वळण्यासाठी आणखी जागा दिली. पण वळून फाटकाबाहेर पडलं की समोर तीच कोंडी. पालक हुशार होते. त्यांनी गाडी मैदानात ठेवायची आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन, स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या लाल बसने कामावर जायचं असं सुरू केलं. संध्याकाळी बसने परत यायचं, गाडीत बसायचं आणि मुलाला घेऊन घरी जायचं.

"बसने लवकर पोचता येतं," डोन एव्हारिस्तो मला सांगत होते.

"मग घरूनच बसने का जात नाही?"

"प्रोफे, गाडी घेतलीय ना," ते म्हणाले. वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाशी मी ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात ते माझ्याशी बोलत होते.

निम्मं मैदान असं गेलं. उरलेल्या निम्म्यात सगळी शाळा मावेना. मुलं एकमेकांवर आदळू लागली, दोघांची नाकं फुटली. पुन्हा सभा झाली आणि डोन्या ग्रासिएलांनी उपाय काढला. शहराने सिद्ध केलेला, शास्त्रीय उपाय. हजेरीचा क्रमांक विषम असलेल्या मुलांनी विषम तारखेला खेळायचं आणि सम क्रमांकाच्या मुलांनी सम तारखेला. ज्यांची पाळी नसेल त्यांनी भिंतीशी शांत बसायचं.

लुसेरोचा क्रमांक विषम होता, येसिदचा सम.

मी हात वर केला. "पण गाड्या तर रोज आत येतात."

"त्यांना सूट आहे, प्रोफे."

"आणि मुलांना?"

डोन्या ग्रासिएला विचारात पडल्या. त्या विचार करतात, हे मी त्यांच्याविषयी नेहमी सांगते. "मुलांनाही सूट देता येईल," त्या म्हणाल्या. "निकष मात्र स्वच्छ हवा."

निकष पुढच्या आठवड्यात आला. ज्या मुलाच्या घरी हायब्रिड गाडी आहे ते मूल पर्यावरणाच्या बाजूचं धरावं. त्याला रोज खेळण्याची मुभा, आणि गळ्यात अडकवायला एक हिरवी पट्टी.

मी त्यांच्या खोलीत गेले. "येसिद रोज पायी येतो. त्याला पट्टी नाही?"

"पायी येणं उत्तमच आहे हो. मला वैयक्तिक फार आवडतं. पण दाखला कुठाय? हायब्रिडचा दाखला विकणारा देतो. चालण्याचा दाखला कोण देणार? उद्या कुणीही येऊन सांगेल, मी चालत आलो म्हणून."

"तो चालत येतो हे फाटकावरून दिसतं."

"दिसतं त्यावर शाळा चालत नाही, प्रोफे."

तेव्हापासून विषम तारखेला येसिद भिंतीशी बुचांची पिशवी घेऊन बसू लागला. खेळ पुढे सरकला की तो बसल्या जागेवरून ओरडायचा, "अगं लुसे, डावीकडून. डावीकडून." एक दिवस बुचं पाडायला म्हणून त्याने भिंतीशी बसूनच चेंडू मारला, तर ते विनापरवाना खेळणं ठरलं. त्याची सम तारीख कापली गेली.

लुसेरोने घरी जेवण सोडलं. फार नाही, एक रात्र. डोन एव्हारिस्तोंना मुलीचं उपाशी राहणं सोसेना. दुसऱ्या दिवशी ते येसिदच्या आईकडे गेले. आरासेली शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे शिवणकाम करते. मी माझ्या झग्याला दुमड घालून घ्यायला तिथेच बसले होते, म्हणून सगळं कानांवर पडलं.

"डोन्या आरासेली, हप्त्यावर मिळते. माझा मेहुणाच विकतो. जुनी आहे, पण बॅटरी आहे. बॅटरी असल्याशी मतलब."

"मला गाडी चालवता येत नाही हो."

"रांगेत चालवायचं काय असतं? ब्रेकवरून पाय काढायचा आणि परत ठेवायचा. तुमच्या मशीनच्या पायट्याहून सोपं."

"अहो, पण माझं दार शाळेच्या दारासमोर आहे. जायचं कुठं?"

"तेच तर. पेट्रोल लागणारच नाही."

आरासेलीने दोरा दातांनी तोडला. काचेतून, फाटकाच्या गजांपलीकडे तिला मैदानाची भिंत दिसत होती आणि भिंतीशी बसलेला मुलगाही. "तो आता घरी आल्यावर बोलत नाही," ती म्हणाली. ते तिने डोन एव्हारिस्तोंना सांगितलं नाही. मलाही नाही. काचेलाच सांगितलं.

मी म्हणाले, "आरासेली, मी पुन्हा डोन्या ग्रासिएलांशी बोलते."

"प्रोफे, तुम्ही बोलताय खूप दिवस," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तिने काठ शिवायचं मोठं मशीन विकलं आणि गाडी घेतली. सोमवारी सकाळी येसिदला स्वच्छ गणवेश घालून मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतःच्या दारातून निघाली. आमची गल्ली एकेरी आहे, समोरच्या फाटकात थेट वळता येत नाही. म्हणून तिला डावीकडून जाऊन, बाजाराला वळसा घालून, रांगेच्या शेपटाला लागावं लागलं. ती फाटकाशी पोचली तेव्हा पहिला तास संपला होता. येसिद आयुष्यात पहिल्यांदा शाळेला उशिरा आला. पण हायब्रिडने आला, त्यामुळे उशीर माफ होता, आणि डोन्या ग्रासिएलांनी स्वतः त्याच्या गळ्यात हिरवी पट्टी घातली.

"शाबास," त्या म्हणाल्या. "आता तू रोज खेळू शकतोस."

रखवालदाराने आरासेलीची गाडी मागे घ्यायला लावली, पुढे घ्यायला लावली आणि शेवटी बरोबर जागेवर बसवली. मैदानात तेवढीच जागा उरली होती. ती गाडी लावून उतरली आणि रस्ता ओलांडून घरी गेली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाकीच्या घरांनी आधीच हायब्रिड घेतल्या होत्या, येसिद शेवटचा; भिंतीशी बसायला आता कुणीच नव्हतं, सगळ्यांना सूट होती. सगळी मुलं धावत बाहेर आली आणि पायरीवर थांबली. येसिदने पिशवी उघडली. लुसेरोने दोन गाड्यांमधून अंग तिरकं करत जागा शोधली. एका गाडीच्या बॉनेटवर त्यांनी बुचं रचून पाहिली, तेव्हा रखवालदार म्हणाला, "ए पोरांनो, गाड्यांना हात लावायचा नाही. पर्यावरणाच्या आहेत त्या."

मुलं वर्गात परत गेली आणि आपापल्या बाकांवर बसली. त्याच दुपारी डोन्या ग्रासिएलांनी सूचना लावली, की प्रत्येक विद्यार्थ्याला रोज खेळण्याचा हक्क मिळाल्यामुळे सम-विषम पद्धत मागे घेण्यात येत आहे. संध्याकाळी ती वाचून पालकांनी टाळ्या वाजवल्या. डोन एव्हारिस्तोंचे डोळे भरून आले होते.

तुम्हाला हे वाचून आमच्या शहराचं हसू आलं असेल, तर एकदा शाळा बघायला जरूर या. हायब्रिड असेल तर ती घेऊनच या, फाटकावर कुणी अडवणार नाही. मैदान भरलंय खरं, पण काळजी करू नका. तुमच्यापुरती जागा करून देऊ. अजून वर्ग शिल्लक आहेत.