मास्तरांच्या सवलती

कळसाडीच्या पलीकडच्या गावातल्या हायस्कुलातून एका वर्षात दोन बी.एस्सी. मास्तर पळाले. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर यायचे होते. तिसराही पळाला असता तर दहावीची मान्यता गेली असती आणि पोरांना शहाद्याची पायपीट पडली असती. म्हणून चेअरमन हिंमतरावांनी मास्तरांसाठी सवलती ठरवायचं मनावर घेतलं.

पण कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोराला काय आवडतं, हे त्यांना कुठून ठाऊक? शिकलेला एकच तरुण त्यांनी आजवर खूश ठेवला होता, तो म्हणजे आपला जावई. त्यांनी तेच सगळं लिहून काढलं. आंघोळीला कढत पाणी, म्हशीचं दूध, झोके घ्यायला बंगई आणि रविवारी मांडे.

रूपचंद मास्तर आला. स्टेशनावर त्याला घ्यायला हिंमतराव स्वतः बैलांची दमणी जुंपून गेले आणि गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. बायका त्याला पाहून डोक्यावर पदर ओढू लागल्या. खडू उचलायला तो वाकला, की चार पोरं धावत. एका सोमवारी तर शाळाच भरेना.

"घंटा का बरं नही वाजाडी?" हिंमतराव शिपायावर, गोवालवर, ओरडले.

"मास्तर झोपेल शे ना, आप्पा. जवाईले उठाडू कसा?"

त्याच संध्याकाळी रूपचंद ट्रंक घेऊन दारात उभा राहिला.

"आप्पा, मन्हं लगीन खापर गावले ठरेल शे. सासराना कानवर गयं, का मी तुम्हना जवाई व्हयी गऊ. सकाळ तो लगीन मोडाले ई ऱ्हायना. मी चालनू."

हिंमतरावांनी त्याच्या हातातली ट्रंक काढून घेतली. पोरगी तर एकच, आणि तिच्या लग्नाला सहा वर्षं झालेली! कमलबाई आतून म्हणाल्या, "आजवर जवाईले चारचौघात रागे भरनात का कधी?"

दुसऱ्या दिवशी खापरच्या पितांबर पाटलांची गाडी चौकात थांबली आणि हिंमतरावांनी डोळे मिटून तोंड उघडलं. बैलालासुद्धा कधी दरडावलं नव्हतं बिचाऱ्यांनी.

"ओ मास्तर! घंटा व्हयी गयी, पोऱ्या बोंबली ऱ्हायनात, आन् तुम्ही आठे उभा? पया आधी!"

रूपचंद असा पळाला की एक चप्पल चौकातच राहिली. पितांबर पाटील हसत गाडीतून उतरले. "हाऊ काही तुम्हना जवाई नही! जवाईले कोणी असं बोलाव नही."

लग्न टिकलं आणि दहावीही टिकली. कमिटीने सगळ्या सवलतींवर काट मारली. एकच नवी घातली, चेअरमनांनी मास्तरांना रोज चौकात एकदा रागवायचं. मांडे मात्र कमलबाई मागच्या दाराने, झाकून पाठवत राहिल्या. त्या पोराचा त्यांना लळाच लागला होता.

एकदा तापामुळे हिंमतराव चौकात गेले नाहीत. शाळा सुटल्यावर रूपचंद घरी आला आणि उंबऱ्यापाशीच घुटमळला.

"आप्पा, आज काही बोलनात नही," तो हळूच म्हणाला. "मन्हं काही चुकनं का?"