अध्यक्ष दिसेनासे होईपर्यंत

तेल आणि पाणी यांचं एकमेकांशी पटत नाही. ही तक्रार सृष्टीच्या आरंभापासून प्रलंबित असून, तिच्यात तडजोड घडवून आणण्याचं जे शास्त्र आहे त्याला इमल्शन म्हणतात. (शासकीय परिभाषेत 'पायस'. परंतु हा शब्द ऐकताच एका संचालकांनी वाट्या मागवल्यामुळे तो पहिल्याच सभेत इतिवृत्तातून वगळण्यात आला.)

शहाद्याहून लोणखेडा मागे टाकून थोडं पुढे गेलं की ऊस आणि केळीच्या मधोमध एक पत्र्याची शेड लागते. ती तापीतीर निंबोळी प्रक्रिया सहकारी संस्थेची. मिरचीवर फवारायचं निंबोळी तेलाचं औषध तिथं तयार होतं, आणि ते तयार करण्यासाठी संस्थेनं कामिनी लोटन पाटील हिला नेमलं होतं. कामिनी औद्योगिक रसायनशास्त्रातली एम.एस्सी. शिवाय लोटनअप्पा हे संस्थेचे सभासद असल्यामुळे मुलगी घरचीच, म्हणजे पगारवाढ मागणार नाही, हाही गुण निवड समितीनं विचारात घेतला होता.

कामिनीची रीत पुस्तकातली होती. तेलात आधी साबणाच्या जातीचं एक द्रव्य मिसळायचं, मिक्सर फिरता ठेवायचा आणि पाणी बारीक धारेनं सोडायचं. धार जाड झाली की सगळं बिघडतं. नीट जमलं तर तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते पाण्यात गुण्यागोविंदानं राहतात. फवारल्यावर पाणी उडून जातं, तेल पानावर राहतं आणि किडीला तिथं बसवत नाही. बाटली दुकानात उभी राहिली की तेल हळूहळू वर येऊन पिवळट थर धरे, म्हणून लेबलवर छापलं होतं: 'वापरण्यापूर्वी हलवा'.

या तीन अक्षरांनी, म्हणजे 'हलवा' या शब्दानं, संस्थेची अब्रू जायची वेळ आली. अध्यक्ष करणसिंग गिरासे यांनी बाटली उचलून उन्हात धरली.

"हलाडनं पडस, म्हनजे काम अर्धं राही गयं ना?" ते म्हणाले. "कारखानामा मिक्सर कसाले शे मंग? गिऱ्हाईकनी हलाडावं म्हनीसन?"

"बापू, तेल आहे म्हणून वर येतं," कामिनी म्हणाली. "तेल नसतं तर वर काय आलं असतं?"

हे वाक्य अध्यक्षांनी मनात नोंदवून ठेवलं.

आता आपल्याकडे औषध पारखण्याची एक पद्धत आहे, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जुनी आणि स्वस्त आहे. शेतकरी दुकानात जातो, काचेच्या ग्लासात पाणी मागवतो, औषधाचं एक टोपण त्यात ओततो आणि बघतो. पाणी दुधासारखं धवळं झालं की औषध कडक. नाही झालं की दुकानदार लबाड. संस्थेनं या लोकपरंपरेला शास्त्रीय बैठक द्यायचं ठरवलं आणि पुढील कसोटी परिपत्रकाद्वारे लागू केली:

ग्लास काचेचा असावा. (स्टीलचा ग्लास वापरल्यानं पहिली चाचणी निष्फळ ठरली.) औषध एक टोपण घ्यावं. ग्लासच्या एका बाजूला तपासनीस बसावा, दुसऱ्या बाजूला अध्यक्षांनी उभं राहावं. अध्यक्ष दिसेनासे झाले की माल पास. अध्यक्ष अंधूक दिसत असल्यास माल पुन्हा मिक्सरमध्ये. अध्यक्ष दौऱ्यावर असल्यास त्यांच्या फोटोवर चाचणी घ्यावी, मात्र हार घातलेला फोटो घेऊ नये.

कामिनीच्या औषधात अध्यक्ष दिसत. स्पष्ट नाही, पण मिशा ओळखू येत. मंडळानं खुलासा मागितला, तेव्हा तिनं फळ्यावर थेंब काढून समजावून सांगितलं की पांढरेपणा तेलाच्या ताकदीनं येत नाही. थेंब बारीक असले की त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि पाणी पांढरं दिसतं. तेल थोडं असलं तरी थेंब बारीक केले तर पाणी पांढरंच दिसेल. पांढरेपणावर जाऊ नका, एवढंच तिला म्हणायचं होतं.

संचालक मंडळ सुशिक्षित असल्यामुळे त्यांनी थोड्या तेलाचं वाक्य तेवढं उचललं. त्या हंगामात तेल निम्मं झालं आणि मिक्सर दुप्पट वेळ फिरू लागला. पुढच्या हंगामात त्याच्या निम्मं. बाटलीवर 'निंबोळी तेल: पुरेसे' असं छापून आलं. विक्री वाढली, अध्यक्ष पुसट होत गेले, आणि सभासदांनी त्यांचं अभिनंदन केलं. मग विक्री सांभाळणारे संचालक नवनीतभाई यांनी सुरतेहून एक द्रव्य आणलं. शाम्पूपासून लादी पुसायच्या फिनेलपर्यंत सगळ्यांना पांढरं करायला ते वापरतात. त्याचे चार थेंब टाकताच ग्लासामागे अध्यक्ष तर सोडाच, मागची शेडसुद्धा दिसेना. आता उरलेल्या तेलानं या शुभ्रतेला जो किंचित पिवळेपणा येत होता, त्याची उपसमितीनं चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की निंबोळीच्या औषधात अडथळा आणणारा घटक एकच असून तो निंबोळी तेल हा आहे. तो काढण्यात आला. वास हवा म्हणून टोपणाच्या आतून तेलाचं बोट फिरवण्याची सोय ठेवली, त्यामुळे संस्थेनं निंब पूर्णपणे सोडला असं कोणालाही म्हणता येणार नाही.

त्या वर्षी मिरचीवर कोकडा आला. पानं वळली, झाडं खुजी राहिली. सभासदांनी दुप्पट औषध मारलं. तरी फरक पडेना, तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं की औषध नसतं तर यापेक्षा वाईट झालं असतं, आणि हे खोडून काढायला कोणाकडेही औषध न मारलेलं शेत नव्हतं.

कामिनीला राग येत होता. बाटलीवर 'रसायनतज्ज्ञ' या शब्दाखाली तिचं नाव होतं आणि ती बाटली तिच्याच घरच्या ओट्यावर उभी होती. तिनं जुन्या रीतीनं एक कॅन औषध बनवून वडिलांना दिलं. लोटनअप्पांनी रीतसर ग्लास मागवला.

"हाई पिवळं शे, बेटा," ते म्हणाले.

"अप्पा, त्यामा तेल शे."

"व्हई. पन बांधवरथीन जानारा मानूस काय म्हनी? पोर कारखानामा शे अन बापनी हाई असं मारं?"

त्यांनी कॅन गोठ्यात ठेवला. वार्षिक सभेत जुनं औषध पुन्हा सुरू करायचा ठराव मांडायचाच, हे कामिनीनं त्याच दिवशी पक्कं केलं. नाही झाला तर राजीनामा द्यायचा.

सभा कापसाच्या जिनिंगच्या आवारात भरली. अहवालवाचन, चहा, दिवंगतांना श्रद्धांजली आणि पुन्हा चहा झाल्यावर कामिनीनं टेबलावर तीन ग्लास मांडले. पहिल्यात तिचं जुनं औषध, दुसऱ्यात संस्थेचं, तिसऱ्यात काय ते तिनं सांगितलं नाही. सभासदांनी चांगलं औषध निवडावं, एवढीच विनंती. अध्यक्ष स्वतः एकेका ग्लासामागे जाऊन उभे राहिले. पहिल्या ग्लासात मिशा दिसल्या. दुसऱ्यात काही दिसलं नाही. तिसऱ्या ग्लासामागे गेले तेव्हा सभेत कौतुकाची कुजबुज झाली, कारण अध्यक्ष असे समूळ नाहीसे होताना आजवर कोणी पाहिले नव्हते. हात वर करण्यास सांगताच तिसरा ग्लास एकमतानं निवडला गेला. लोटनअप्पांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.

"हा भिंतीचा रंग आहे," कामिनी म्हणाली. "आमच्या बैठकीच्या खोलीत दिला होता, त्यातला उरलेला. तेही एक इमल्शनच. त्यानं कीड मरत नाही, भिंत चांगली दिसते."

सगळ्यांच्या माना तिसऱ्या ग्लासाकडे वळल्या. तिला वाटलं, समजलं. तिला खरोखरच तसं वाटलं आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"लिटरले काय भाव पडस?" करणसिंगबापूंनी विचारलं.

यानंतरची चर्चा तांत्रिक स्वरूपाची होती. ती संपल्यावर नवनीतभाई कामिनीजवळ आले. माणूस व्यवहारी होता, पण वाईट नव्हता.

"बेन, तमारी वात साची छे," ते म्हणाले. मग तिला बरं वाटावं म्हणून शुद्ध मराठीवर वळले. "पण इथला माणूस डोळ्यानं घेतो. आपण असं करू. तुमचं औषध छोट्या बाटलीत भरू आणि पुण्या-नाशकाला पाठवू. तिथं लोक गॅलरीत झाडं लावतात, पुस्तकं वाचतात, लेबल वाचतात. त्यांनी घेतलं तर तुमचा मिक्सर चालू. नाही घेतलं तर मात्र विषय बंद."

कामिनीनं राजीनामा पर्समध्येच ठेवला. खरं सांगायचं तर ती आनंदली होती. लेबल वाचणाऱ्या माणसांवर तिचा विश्वास होता. तीही त्यांच्यातलीच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेताकडे गेली तर लोटनअप्पा आधीच फवारत होते. रस्त्याकडेच्या ओळी संस्थेच्या औषधानं पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांनी भरल्या होत्या. आतल्या ओळींत, जिथं बांधावरून नजर पोचत नाही, तिथं ते गोठ्यातला पिवळा कॅन हलवून हलवून पंपात ओतत होते. तिला पाहून ते जरा ओशाळले.

"मझारमा कोन दखस?" ते म्हणाले.

आतल्या ओळी तगल्या. त्यांना लाल मिरची धरली आणि नंदुरबारच्या बाजारात चांगली गेली. रस्त्याकडेच्या ओळी वळून गेल्या. पण जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्याच दिसत असल्यामुळे, लोटनअप्पांनी औषध कमी मारलं असावं असं सर्वांचं मत पडलं. आतल्या ओळींबद्दल अप्पांनी सभेत कधीही अवाक्षर काढलं नाही, आणि कामिनीनंही त्यांना तसं करायला लावलं नाही. तिची सगळी भिस्त आता शहरावर होती.

लहान बाटल्या गेल्या. लेबलवर तिनं स्वतः मजकूर लिहिला: औषध पिवळट दिसेल, ते तेलामुळे. वर थर येईल, तोही तेलामुळे. वापरण्यापूर्वी हलवा. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, सुशिक्षित माणसाला पुरेल इतकं.

बाटल्या परत आल्या. जवळजवळ सगळ्या. ऑनलाइन अभिप्राय एक तारा, कारणं थोडक्यात: रंग पिवळट. वर काहीतरी साचलंय. हलवावं लागतं. एका गृहस्थांनी काचेच्या ग्लासात थेंब टाकून फोटोही जोडला होता, आणि ग्लासामागे त्यांच्या गॅलरीचा कठडा दिसतो, हा पुरावा दिला होता. त्याच पत्त्यांवर संस्थेनं पांढरं औषध पाठवलं, त्याबद्दल आजतागायत एकही तक्रार नाही. कुंडीतली मिरची वाळली तेव्हा या ग्राहकांनी दोष स्वतःच्या हाताला दिला, आणि पुढल्या महिन्यात आणखी एक बाटली मागवली.

विषय ठरल्याप्रमाणे बंद झाला. कामिनी सध्या शिकवण्या घेते. मिक्सरवर संस्थेनं ताडपत्री टाकली आहे. एक तारा देणाऱ्यांची नावं संस्थेकडे आहेत, पण सभ्यता म्हणून ती इथं छापलेली नाहीत. वाचकांनी गॅलरीत जाऊन आपल्याकडच्या बाटलीचा रंग तेवढा पाहून यावा.