कोंगरबेटावरची न झालेली लढाई

जयनगरच्या अहल्याबाईंनी कॉलेजातली नोकरी सोडल्यावर सहा वर्षं खपून कोंगरबेटावरच्या दोन तोफांचा इतिहास लिहिला. अठ्ठावीस फुटी नळीच्या या तोफा किनाऱ्याच्या रक्षणासाठी समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. शत्रू कधी आला नाही, तोफा कधी उडाल्या नाहीत. अहल्याबाईंचे आजोबा व्यंकोजी तिथे गोलंदाज होते. एकोणीस वर्षं त्यांनी रोज सकाळी तोफांना तेल दिलं आणि धडधाकट घरी परतले. अहल्याबाईंच्या मते हा मोठाच पराक्रम होता.

मग जाहीर झालं की वारसा म्हणून नोंद नसलेल्या तोफा भंगारात निघणार. अहल्याबाई हस्तलिखित घेऊन बंगळूरच्या नोंदणी कार्यालयात धावल्या. तिथले अधिकारी गुरुप्रसाद अत्यंत सज्जन होते.

"शत्रूचं नाव, अक्का?" त्यांनी संगणकाकडे बघत विचारलं.

"कोणी आलंच नाही."

"तसा पर्याय नाही. 'इतर' घालू?"

अहल्याबाईंनी मान हलवली. शत्रू मिळताच पुढचा रकाना उघडला: लढाईची तारीख.

"अहो, लढाई झालीच नाही!"

"सरी, सरी, असू दे. अंदाजे सांगा."

१९४२ ठरलं. मग आपल्या बाजूचे मृत. शून्य लिहिलं की पडदा लाल होई.

"एक तरी माणूस द्या, अक्का," गुरुप्रसाद कळवळून म्हणाले. "एका माणसापायी दोन तोफा जातील."

बेटावरचा एकच माणूस अहल्याबाईंना ठाऊक होता. त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं. आजोबा १९८६ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, बनशंकरीच्या घरात कॉफी पिऊन आडवे झाले होते ते उठले नव्हते. आता ते त्याआधी चव्वेचाळीस वर्षं रणात पडले.

नोंद मंजूर झाली. हुतात्म्याचा पुतळा ठरला, हुतात्मा दिन ठरला, वारसाचा सत्कार ठरला. अहल्याबाईंनी वारस म्हणून केलेला अर्ज मात्र शेऱ्यासह परत आला: 'अर्जदाराच्या मातेचा जन्म १९४७. हुतात्म्याचे निधन १९४२. सबब अर्जदार वारस नाही. मातेबाबत स्वतंत्र चौकशी व्हावी.'

त्या तडक कार्यालयात गेल्या. "मी त्यांच्या मांडीवर खेळलेय हो!"

"हे लेखी देऊ नका, अक्का. हुतात्म्याचा अपमान होतो."

"बरं, तोफा तरी वाचल्या ना?"

"वाचल्या म्हणजे काय!" गुरुप्रसाद उजळले. "पुतळा त्याच पोलादाचा. दोन्ही वितळवायला होसकोट्याला गेल्या."

अनावरणाला अहल्याबाई शेवटच्या रांगेत बसल्या. पुतळ्याच्या हातात तलवार होती आणि चेहरा कुणाचा तरी होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"ओळखीची," त्या म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी डोळे पुसून त्यांनी निवेदन लिहिलं: व्यंकोजी लढाईत मेले नाहीत, कारण लढाई झाली नाही. सह्यांसाठी त्या घरोघर फिरू लागल्या. लोक संतापले. इतिहासाची अशी मोडतोड! सरकारला लाज कशी नाही! एकाने तर पेन उघडलंही. तेवढ्यात त्याच्या बायकोने आतून विचारलं, "मग हुतात्मा दिनाची सुट्टी जाणार का?"

पेन बंद झालं. पुढच्याही सगळ्या घरांत हेच झालं.

निवेदनावर अजून अहल्याबाईंचीच एकटीची सही आहे. त्या आता लांबलांबच्या वस्त्यांत फिरतात, म्हणजे तुमच्याकडेही येतील. सुट्टी यंदा सोमवारी आहे, शनिवार-रविवारला जोडून. सही कराल ना?